विद्याश्रीचा पहारा

विद्याश्रीचा गळा मूळचा दत्तमंदिरातला. कानडी मुलखात, बनशंकरीतल्या आपल्या मराठी लोकांच्या त्या लहानशा देवळात दर गुरुवारी भजन असे, आणि आई तुंगाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसलेली ही पोर मोठ्या बायकांच्याही वर आवाज काढी. पुढं कॉलेजात कुणीतरी तिच्या हाती ते यंत्र दिलं. पायानं दाबायचा डबा, लूपर म्हणतात त्याला. एक ओळ गायची, पाय दाबायचा. डबा तीच ओळ घोकत राहतो. तिच्यावर दुसरी गायची, मग तिसरी. उभी एकटी बाई, आणि ऐकणाऱ्याला वाटावं अख्खी मंडळी बसली आहे.

सुरुवातीला त्याचं कोण कौतुक होतं तिला! जयनगरातल्या नाटकांना मागून आवाज दिला, कॉफीच्या दुकानांत कोपऱ्यात बसून गायली. मग हळूहळू उरली ती योगवर्गांची आणि कंपन्यांची कामं. लोक चटया टाकून आडवे होणार, दिवे मंद, आणि ही गाणार. वर आयोजकांची अट, "शब्द नकोत, मॅडम. देवाचं नाव तर नकोच. नुसतं आ-ऊ ठेवा." वर्षानुवर्षं नुसतं आ-ऊ. कार्यक्रम रंगला की लोक घोरत.

"म्हणजे टाळ्यांच्या जागी घोरणं?" तुंगाबाई म्हणत. "मग देवळातल्या आपल्या सुब्बारावांना ने. एकटे घोरून सभा गाजवतील."

"हसू नको गं आई. थकलेय मी."

खरंच थकली होती. चाळिशी उलटलेली, गळा दुपारनंतर बसायचा. अशात हेब्बाळच्या एका कंपनीनं नमुन्याचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि निरोप धाडला: एक संध्याकाळ गा, पसंत पडलं तर दर महिन्याला बोलावू. दारोदार फिरणं थांबेल, एवढीच तिची आशा. त्या संध्याकाळवर तिनं सगळा भार टाकला होता.

नेमका त्याच आठवड्यात दत्तजयंतीचा सप्ताह आला. सप्ताहात नाम खंडायचं नाही हा नेम. एकानं गळ्यात वीणा घालून उभं राहायचं, दुसऱ्यानं टाळ धरायचा, आणि पुढची जोडी आल्याशिवाय वीणा उतरवायची नाही. याला पहारा म्हणतात. पण आता पोरं ऑफिसात, म्हातारे गुडघ्यांनी बेजार. देवळाचा कारभार बघणारे सुब्बाराव तिच्याकडे आले.

"विद्याक्का, दुपारच्या पहाऱ्याला माणूस मिळेना. तुझा तो डबा आहे की. त्यात नाम भरून दे. स्वल्प वेळापुरतं."

तिच्या मनाला पटलं नाही. पण नाही म्हणावं, तर दुपारी स्वतः उभं राहावं लागणार. तेवढा जीव कुठं होता? "सरी, अण्णा, देते," म्हणाली आणि नाम भरून दिलं.

पहिल्या दिवशी डबा दुपारपुरताच वाजला. मग लोक आत डोकावून म्हणायला लागले, "चालू आहे की नाम!" आणि नमस्कार करून जायला लागले. ज्यांचे पहारे ठरले होते तेही.

हेब्बाळच्या दिवशी दुपारी ती डबा न्यायला गेली, तर सभामंडपात चिटपाखरू नाही. वीणा खुंटीला. पुजारी देवाप्पा तेवढे खांबाला टेकून झोपलेले. आणि देवापुढं तिचाच आवाज एकटा नाम घेतोय. श्वास घेताना झालेली बारीकशी चूकसुद्धा दर फेरीला तश्शीच.

तिनं सुब्बारावांना फोन लावला. "अण्णा, कुणाला तरी धाडा. मला डबा न्यायचाय."

"अगं, मग नाम थांबेल की! आजच्या दिवस राहू दे."

"मी तिकडं काय नेऊ? आणि इथं माणूस नाहीये एकही."

"बघतो, बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. कोणी आलं नाही.

शेवटी तिनं वीणा गळ्यात घातली, आधी तोंडानं नाम धरलं आणि मग पाय दाबला. डबा गप्प झाला. एवढ्या मोठ्या मंडपात एका बाईचा दमलेला आवाज. आता डबा मोकळा होता, पण ती अडकली.

नैवेद्य घेऊन तुंगाबाई आल्या. लेकीच्या गळ्यातली वीणा पाहिली, पायाशी बंद डबा पाहिला. ताट देवापुढं ठेवून हात पुढं केले. "आण इकडं. तू जा तुझ्या कामाला."

"तुला उभं राहवत नाही, आई."

"दत्तमहाराजांना माझे गुडघे नवीन आहेत होय? बसून धरते."

देवाप्पांची खुर्ची ओढून त्या बसल्या. विद्याश्री डबा उचलून पायरीपर्यंत गेली. तिथवर नाम ऐकू येत होतं. ओळ संपली की आईला दम लागे, आणि तेवढं नाम तुटे. पुढच्या ओळीला तुटलं. त्याच्या पुढच्या ओळीलाही. पहाऱ्याला दोन माणसं का लागतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती परत फिरली. डबा भिंतीशी ठेवला, टाळ उचलले, आणि आईचा श्वास सुटला तिथं स्वतःचा सूर ठेवला. एका ओळीच्या विश्रांतीत तिनं हेब्बाळला कळवलं, येणं होत नाही.

दिवेलागण होऊन गेल्यावर उत्तर आलं: "काळजी करू नका. तुम्ही मागे पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. सगळे छान झोपले. दर महिन्याला तेच लावू."

आईनं मानेनंच विचारलं, काय झालं?

"माझ्यावाचून भागतं म्हणे त्यांचं," विद्याश्री म्हणाली. तुंगाबाईंचा दम सरत आला होता. तिनं फोन पिशवीत टाकला आणि पुढची ओळ उचलली.