पाळकबाईंचे मटार

मटारच्या ओल्या सालींचा वास आला की कोपरखैरण्याचं आमचं जुनं घर आठवतं. तापाने लेक गेली आणि मी प्रार्थनाच सोडली. आमच्या चर्चच्या पाळकबाई मात्र रोज दुपारी पिशवीभर मटार घेऊन यायच्या आणि न बोलता माझ्याशेजारी सोलत बसायच्या. एकदा मी भडकले, "प्रार्थना करायला आला असाल तर जा, बाई." "नाही गं, देवाची वाट बघायला आलेय," त्या म्हणाल्या, "तू एकटी किती बघशील?" मटारचा मोसम सरला तरी त्या येत राहिल्या. ईस्टर उलटल्यावर एका दुपारी चहाआधी माझे हात आपसूक जोडले गेले; त्यांनी चहा गार होऊ दिला. परवा आमच्या आताच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या बाईचा मुलगा गेला. ती कुणालाच दार उघडत नाही. मी तिच्या दाराबाहेर पायरीवर बसून मटार सोलतेय.