हिवाळ्यात तापणारी गाडी

उसनं काळीज बसवून घेतलेला जीव आयुष्यभर आतून जळत राहतो. हे वाक्य मी रस्त्याच्या कडेला बसून तयार केलं होतं आणि दोन हिवाळे ते मला फार आवडत होतं. जीव म्हणजे माझी जुनी पेट्रोल गाडी. काळीज म्हणजे मोडीत निघालेल्या एका जीपचं डिझेल इंजिन.

यवतमाळहून दर रविवारी मी केळापूरच्या पलीकडे, ताईच्या गावी जेवायला जायचो. रविवारी तिकडे एसटी नसे. बायको गेल्यानंतर घरात फक्त पुस्तकं बोलायची, आणि तीही मला ‘वाचकहो’ म्हणायची. ‘अरे’ म्हणणारी ताई एकटीच उरली होती.

गाडी मे महिन्यात मजेत धावायची आणि डिसेंबरात तापायची. लोहारा गावच्या मिस्त्रींनी पंप बदलला, थर्मोस्टॅट काढून टाकला, पट्टा आवळला. मग म्हणाले, “सर, पराया इंजन आहे. गाडीनं त्याले अपनवलं नाही.”

“मग उन्हाळ्यात कसं अपनवते?”

“उन्हाळ्यात सबच परेशान असते सर. कोन कोनाले पाह्यते? बेचून टाका आता.”

म्हणजे रविवारच विकायचा. मी विचार करतो म्हणालो.

त्या वर्षी कापसाचे भाव पडले होते, तरी ट्रॉल्या जिनिंगकडे जातच होत्या. वर ताडपत्री कुणी घालत नसे. ती घालण्याइतका माल आता महाग राहिला नाही, असं एका ट्रॅक्टरवाल्याने मला सांगितलं होतं. ट्रॉल्यांच्या मागे मी सावकाश जायचो. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला की कडेला थांबायचो, बॉनेट उघडायचो आणि पुस्तक काढायचो.

एका रविवारी पुस्तक घरी राहिलं. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून गाडीकडे पाहिलं. इंजिनाबरोबर आलेलं जीपचं रेडिएटर मोठं, त्यामुळे ते पुढच्या जाळीला अगदी खेटून बसवलेलं. फटीत दोन बोटं घातली तर मऊ लागलं. ओढलं तर कापूस आला. ओढत राहिलो. ट्रॉल्यांवरून उडालेला, धुळीने काळा पडलेला, उशीभर निघाला. वाऱ्याला आत शिरायला जागाच नव्हती. होळीनंतर सर्व्हिसिंगला पाण्याचा फवारा बसला की तो वाहून जात असणार. म्हणून उन्हाळा सुखाचा. इंजिन बिचारं परकं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

ताईला सांगितलं तर ती हसत सुटली. “गोधडी पांघरून पळशीन त थंडीतही घाम येईनच ना रे! अन् तू दोन वर्सं तिथं पुस्तक वाचून राह्यला!”

तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा दिला. तो जाळीवर बांधला. कापूस त्यावरच अडकणार, काढून झटकला की झालं. गाडी विकायची नाही, हेही तिनेच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी काटा मधेच राहिला. मी कुठेही थांबलो नाही, कुणाशी बोललो नाही, एक पानही वाचलं नाही. ताई अंगणात धुणं वाळत घालत होती.

“इतक्या लवकर काहून आला रे? तुही गाडी नाही तापली?”

दोन हिवाळे ती माझी गाडी तापून निवण्याचा अंदाज घेऊन स्वयंपाकाला लागत होती. मी ओसरीवर बसलो आणि पुस्तक उघडलं. कणीक अजून मळायची होती.