मताला येणारी आत्या

आमच्या गावात मत माणसाचं नसतं, घराचं असतं. आमच्या गल्लीचं चिन्ह एक, मारुतीच्या देवळामागच्या घरांचं दुसरं, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीचं, ज्याची जीप आधी येईल त्याचं. निदान आमची गल्ली तसं म्हणते. वस्तीवाले आमच्याबद्दल काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्या चिन्हाचे गावातले कार्यकर्ते. चहा पाजून, समजूत घालून, प्रसंगी हातापाया पडून ते मतं गोळा करतात.

मला मात्र निवडणूक म्हटलं की आत्या आठवते. अण्णांची ही धाकटी बहीण लोह्याकडच्या आमच्या गावातून पार निलंग्याकडं दिलेली. लग्नानंतरही तिचं नाव आमच्याच गावच्या यादीत राहिलं. कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, हलवायचं राहून गेलं होतं. दिवाळीला तिच्या सासरचा ऊस आडवा यायचा, जत्रेला सासूचं दुखणं. पण मताला तिला कुणी अडवत नसे. मत वाया घालवायचं म्हणजे काय! अण्णा फाट्यावर तिला आणायला जात आणि मी त्यांच्या मागं. भर उन्हात डांबरी रस्ता पाण्यासारखा हलायचा, आणि त्या पाण्यातून लातूरची एसटी हळूहळू वर यायची. अजूनही डोळा लागता लागता मला ती गाडी दिसते. ती पुरती थांबतच नाही, आत्या मात्र उतरलेली असते.

एकदा मत टाकून शाळेतून परतताना मी तिला विचारलं, "कुणाला दिलंस गं?" तिनं बिनधास्त तिसऱ्याच चिन्हाचं नाव घेतलं. ते तिच्या सासरचं चिन्ह. अण्णा पुढंच चालत होते; त्यांना ऐकू गेलं नसेल हे शक्यच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी आईला तिच्यासाठी धपाटे करायला सांगितले. आणि पुढच्या निवडणुकीला आपल्याच विरुद्धचं ते मत आणायला अण्णा पुन्हा फाट्यावर हजर. मला याचं फार हसू यायचं आणि फार बरंही वाटायचं.

मग गेल्या विधानसभेला आमच्या बूथवर आमचं चिन्ह मागं पडलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं ओट्यावर येऊन बसली.

"दुसऱ्याला काय म्हनावं? तुमच्या घरातलंच मत तिकडं जाऊन राहिलं," एकजण म्हणाला.

अण्णांना ते जिव्हारी लागलं. सगळ्यांदेखत त्यांनी आत्याला स्पीकरवर फोन लावला. "बाई, तुझं नाव आता तिकडंच नेऊन टाक."

पलीकडून आत्या म्हणाली, "नाव गेल्यावर मला तिकडं यायला कशाला सोडतील, दादा?"

अण्णांनी फोन ठेवून दिला.

आत्याचं नाव सासरच्या यादीत गेलं. त्यानंतरची दिवाळी गेली, जत्रा गेली, आत्या आली नाही. मला अण्णांचा राग आला होता आणि मी तो लपवलाही नाही. एका चिन्हापायी बहीण घालवलीत, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणाले.

यंदा जिल्हा परिषदेचं मतदान आलं, दोन्हीकडं एकाच दिवशी. आंबे मोहरले होते, ज्वारी काढणीला आली होती आणि गाव अर्धवट झोपेत असल्यासारखं मत टाकत होतं. दुपारी अण्णा बूथबाहेरच्या टेबलावरून गायब झाले. मी शोधत शोधत फाट्यावर गेले, तर ते तिथं दगडावर बसलेले.

"कुणाची वाट बघून राहिलात?"

"कुणाची न्हाई. वारं घेत बसलोय."

एसटी आली आणि आत्या उतरली. क्षणभर मला वाटलं, हे झोपेतलंच आहे. पण तिच्या बोटावरची शाई ताजी होती.

"सकाळीच टाकलं मत," ती म्हणाली. "घरी सांगितलं, तुमच्या यादीतलं काम केलं, आता दादाकडं चालले. इचारलं न्हाई कुणाला."

अण्णांनी तिला इतक्या वर्षांत जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "कुणाला दिलंस?"

"तुझ्या चिन्हाला."

"आन् इतके साल इथं..."

"इथं सासरच्यांचं कुणी नव्हतं, म्हनून त्यांना देत होते. तुझी तर आख्खी गल्ली हाय." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिथं तुझं कोन हाय, दादा?"

अण्णा परत दगडावर बसले. मग त्यांना रडू आवरेना.