संत्र्याच्या कलमांचा चाकू

माझ्याकडे अठरा-एकोणीस चाकू आहेत आणि त्यांतल्या एकानेही मी आजवर साधा कांदा चिरलेला नाही. सगळे हाताने घडवलेले, बहुतेक मागणी देऊन करवून घेतलेले. अकोल्याच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या माणसाला हा नाद कुठून लागला, हे मला अजून कळलेलं नाही. बायको पहिल्यापासून विचारते, "अवो, पन याचं करता काय तुमी?" मी पोलादाबद्दल काहीतरी बोलायला लागतो, तोवर ती ओट्यावरची पिवळ्या मुठीची सुरी उचलून टमाटर कापायला घेते. तिचा प्रश्नच चुकीचा आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आता तेही नक्की सांगता येत नाही.

चाकू करवून घेणं म्हणजे कपडे शिवून घेण्यासारखंच असतं. कारागीर कुठेतरी दूरच्या राज्यात असतो. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने आखायचा, त्याचा फोटो पाठवायचा, मूठ कशाची ते ठरवायचं आणि मग आठ महिने वाट पाहायची. पार्सल आलं की मी दार लावून ते उघडतो. का लावून, ते विचारू नका.

गेल्या हिवाळ्यात मेहुण्याला नांदगाव खंडेश्वरच्या शेतात संत्रा लावायचा होता. कलमांची मागणी नोंदवायला तो शेंदूरजनाघाटला निघाला आणि मला सुट्टी होती म्हणून मीही गाडीत बसलो. तिथल्या रोपवाटिकेत डोळे भरायचं काम चाललं होतं. म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला छोटी चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा डोळा पातळ सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. पन्नाशीचा एक माणूस ओळीतून उकिडवा सरकत डोळे भरत होता, मागून त्याची बायको पट्ट्या बांधत होती. मेहुणा मालकाशी बोलत राहिला. मी तासभर त्या माणसाजवळ उभा होतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे मी पाहिलंच नाही. मी चाकू पाहत होतो.

जुन्या करवतीच्या तुकड्यातून काढलेलं बोटभर पातं, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी, धार एकाच बाजूने दिलेली. दिसायला अगदी गबाळा. पण साल अशी अलगद उघडत होता की माझा जीवच त्यात अडकला.

"कोनी केला?" मी विचारलं.

"अचलपूरच्या लोहारानं. माह्या हातासाठीच केला होता. आता नाई राह्यला तो."

माह्या हातासाठी! आपल्या हत्याराबद्दल सगळेच असं बोलतात, असं समजून मी ते सोडून दिलं. चारचौघांत दाखवायला म्हणून एक चाकू माझ्या खिशात असतोच. त्या दिवशी शिसमाच्या मुठीचा, पात्यावर लाटांची नक्षी असलेला होता. तो पुढे करून मी म्हणालो, "अदलाबदल करता?"

त्याने चाकू पाहिला, हसला आणि नको म्हणून मान हलवली. बायको मागून म्हणाली, "कामाचा चाकू कोनी देते का, साहेब?" तेवढ्यात मालक मेहुण्याला घेऊन तिथे आला. "देऊन टाक ना बे," तो म्हणाला. "साहेबाचा चाकू त पाह्य, कसा झकास हाय. एवढं मोठं गिऱ्हाईक हाय आपलं." त्या माणसाने चाकू पँटला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मला इतका आनंद झाला की मोर्शी सोडून अमरावती येईपर्यंत मी मेहुण्याला त्या पात्याबद्दलच सांगत होतो. त्या माणसाने चाकू खुशीने दिला की मालक पाहत होता म्हणून दिला, हा विचार तेव्हा मनाला शिवलाही नाही. आजही तो माझ्या मनात घोळत असतो.

घरी येऊन नीट पाहिलं तर धारेचा उतार उलट्या बाजूला. माझ्या सगळ्या चाकूंच्या विरुद्ध. लोहाराची चूक, मी म्हटलं. बिचाऱ्याने इतकी वर्षं चालवला तरी कसा! दोन रविवार धारेच्या दगडावर पाणी टाकून घासत मी तो उतार पार घालवला आणि दुसऱ्या बाजूने नवा आणला. गंज काढला, ट्यूब सोडून सुताची दोरी गुंडाळली, मखमली डबीत ठेवला. "आता बरा दिसते," बायको म्हणाली. या बाबतीत तिच्याकडून मिळालेलं हे पहिलंच कौतुक होतं.

पौष संपता संपता मेहुण्याचा फोन आला. आपल्या कलमांतले निम्मे डोळे वाळले होते. मालकाने त्या माणसाला डोळे भरण्यावरून काढून पिशव्यांत माती भरायला बसवलं होतं. "तुमच्या त्या चाकूनं हात जमून नाई राह्यला म्हने त्याचा," मेहुणा म्हणाला.

माझं डोकं चक्रावलं. पोलाद उत्तम, धार उत्तम, मग जमत कसं नाही? यात माझी काय चूक, असं वाटायचं आणि पाठोपाठ लाजही वाटायची. दोन दिवस मी फळ्यावर सोप्या गणितांची चुकीची उत्तरं काढत राहिलो. शेवटी शनिवारी डबी घेतली आणि एकटाच शेंदूरजनाघाटला गेलो.

नवरा-बायको दोघंही मातीच्या ढिगापाशी बसले होते. मी डबी उघडून पुढे केली. "तुमचा चाकू घ्या. माझा परत नका देऊ, राहू द्या."

त्याने माती झटकून हात पुढे केला. डावा हात.

मी तासभर या माणसासमोर उभा होतो आणि हे मला दिसलं नव्हतं. चाकू करायला घेताना कारागीर सगळ्यांत आधी विचारतो, उजवा की डावा? दर वेळी मी त्याचं उत्तर दिलं होतं, पण तो प्रश्न आजवर कुणाला विचारला नव्हता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

त्याने पातं उलटंसुलटं करून पाहिलं. बायको वाकून म्हणाली, "हा आपला नाई."

"आपलाच व्हय," तो म्हणाला. "साहेबानं साफ करून आनला."

शेजारच्या रोपाला त्याने चीर दिली. साल उघडायची ती फाटली. पुन्हा दिली, पुन्हा फाटली. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. डाव्या हाताचा नवा करवून देतो, असं मी घाईघाईने सांगितलं. किती दिवस लागतात, त्याने विचारलं. आठ महिने, मी म्हणालो. डोळे भरायचे दिवस तर महिनाभरात संपणार होते. "पुढच्या साली मालक आमाले ठेवते का, कोन सांगाव," बायको कुणाकडेही न पाहता म्हणाली.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरोखरच विचारत होता.

"साहेब, तुमाले चाकूतलं समजते. हा पयल्यासारखा होते का?"

पात्यात आता तेवढं पोलादच उरलं नव्हतं. या सगळ्या प्रकारात मला पक्की माहीत असलेली ही एकच गोष्ट होती.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, चाकू पुसून डबीत ठेवला, डबी माझ्या हातात दिली आणि पुढची पिशवी भरायला घेतली.