आमचे एकवीस नंबर

जालन्याच्या आमच्या जिनिंगमधल्या मिस्त्रींना नावानं कुणी ओळखतच नसे. ते 'एकवीस नंबर'! कारखाना कायद्याचं एकविसावं कलम त्यांना तोंडपाठ होतं: फिरत्या यंत्राला कुंपण हवंच. सरकारनं कायदा दिल्लीत केला असेल, पण आम्हा कापूस टाकणाऱ्या बायकांपर्यंत तो आणला या माणसानं.

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अंबडकडच्या एका तेलगिरणीत गेलेली. नवी बाई कामाला आली की तिच्यापुढे तो हात धरायचे. "मोज. तीन हायेत ना? तू पाच घेऊन आलीस, पाचच घेऊन घरी जा." आणि पदर खोचल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. तोंडावर आम्ही त्यांना मामा म्हणायचो आणि पाठीमागे आम्हीच मेल्या त्यांच्या नकला करायचो!

त्या खंडेनवमीला मात्र कमालच झाली. यंत्राच्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढायची, चाकाला कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि चालू यंत्राला ओवाळायचं, ही आमच्याकडची रीत. ओवाळायचा मान त्या वर्षी माझा! नवी साडी, मोकळा पदर, हातात ताट. पाय जमिनीवर ठरत नव्हते माझे.

"मिस्त्री, बटन दाबा. मुहूर्त टळून राह्यला," शेठ म्हणाले.

"आधी जाळी लावू द्या, शेठ."

"आता पूजा जाळीची करायची का?"

मामा बटनापुढे जाऊन उभेच राहिले. "बिलकुल दाबनार न्हाई."

"मंग उद्यापासून येऊ नका!"

तीन पोरींचा बाप होता हो तो! तरी मीच चिडून म्हणाले, "मामा, आजच्या दिवस जाऊ द्या की!"

"जातो ना. पन जाळी लावून जातो," म्हणाले, आणि पाना घेऊन बसले. शेवटचा बोल्ट आवळला, मग बटन दाबलं.

मी ताट घेऊन पुढे झाले मात्र, पट्ट्याच्या वाऱ्यानं माझा पदर उडाला आणि फाटकन जाळीवर चिकटला! आत पट्टा गरगरत होता. अगं आई गं! ताट खाली पडलं.

शेठनी हळूच गळ्यातलं उपरणं काढून कमरेला बांधलं. म्हणाले, "मिस्त्री, उद्या जल्दी या."

मामा वारले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आमच्याकडे खंडेनवमीला कुंकू, हार, सगळं जाळीलाच. यंदा ओवाळायला नवी पोर होती. ताट हातात देण्याआधी तिचा पदर मीच खोचला.