वगळलेली तळटीप

आम्ही तिला वाळवी म्हणायचो. सकाळी दप्तरखान्यात शिरली की शिपायानं किल्ल्या वाजवेपर्यंत बाहेर यायची नाही. विणकरांच्या बंडावर तिनं डॉक्टरेट केली. प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिनंच शोधलेल्या एका पत्रावर उभं होतं. पत्राखाली बंडाच्या पुढाऱ्याचं नाव आणि बंडाच्याच वर्षाची तारीख होती.

वर्षभरात तिच्या मार्गदर्शक सरांचं पुस्तक आलं. त्यात तिचं तिसरं प्रकरण, जवळजवळ शब्दन् शब्द. तिचं नाव फक्त आभारांच्या पानावर: 'टंकलेखनासाठी साहाय्य.'

"मला टाइप करता तरी येतं का गं?" ती म्हणाली. रडली नाही. मला रडलेली चालली असती.

पुढच्या महिन्यात तिनं बंड सोडलं आणि जुन्या कागदाचा इतिहास हाती घेतला. तिच्या आईनं कपाळावर हात मारला. "एवढी शिकलीस ती रद्दी चिवडायला?"

मलाही वाटलं, खचली बिचारी. चार वर्षं ती खिडकीशी उभी राहून एकेक कागद उजेडासमोर धरत होती. कागदाच्या पोटात तो बनवणाऱ्या गिरणीची खूण असते, ती वहीत उतरवत होती.

मग परिसंवाद आला. सर पहिल्या रांगेत. तिनं पडद्यावर तेच पत्र दाखवलं, उजेडासमोर धरलेलं. आतली खूण स्वच्छ दिसत होती.

"ही गिरणी बंडानंतर तीस वर्षांनी सुरू झाली. पत्र बनावट आहे. सरांच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण त्यामुळे टिकत नाही."

सर ताडकन उठले. "ते प्रकरण मुळात हिचं आहे! चूक हिची!"

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो, हे सरांना जरा उशिरा कळलं.

तिनं पिशवीतून प्रबंध काढला आणि तिसऱ्या प्रकरणाची पहिली तळटीप वाचली. "'पत्राचा कागद संशयास्पद. तपासणी बाकी.'" मग सरांचं पुस्तक उघडून तेच पान वर धरलं.

"यात ती दिसत नाही. टंकलेखनात सुटली असेल, सर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सर बसले. मी तिच्याकडे बघतच राहिले. चार वर्षं मी तिची कीव करत होते.

जिन्यात मी विचारलं, "झालं ना समाधान? आता परत बंडाकडे?"

"छे गं." तिनं चष्मा पुसला. "त्यांची अजून दोन पुस्तकं आहेत. दोन्ही पत्रांवरच उभी."