'खडी' ऐकायला तिसगावला

पुण्याहून नगरला जाणाऱ्या दुपारच्या एस.टी.त आम्ही दोघं बसलो, मी आणि श्री. कामत. कामत मुंबईच्या एका तबकड्या काढणाऱ्या कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम बघतात. यजमान गेल्यापासून आमचं वाद्यांचं दुकान मी चालवते, तेव्हा त्यांची माझी ओळख जुनी. त्यांच्या पायाशी स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. कंडक्टरनं तो शिलाईचं मशीन समजून सामानाचं तिकीट फाडलं. कामत खुलासा करायला निघाले, मी त्यांना गप्प बसवलं. यंत्र कुठलंही असो, तिकीट तेवढंच पडणार होतं.

कामतांना मी ओढून नेत होते असंच म्हणायला हवं. गेलं वर्षभर नगरहून दुकानात दर महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं: इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पाठवा. एवढ्या तारा पुण्यातली कॉलेजची मुलंही तोडत नाहीत. दिवाळीत कामानिमित्त नगरला गेले होते, तेव्हा पत्ता शोधून काढला. सावेडीला, जिथं नव्या बंगल्यांचे प्लॉट पाडलेत आणि पुढं नुसतं माळरान आहे, तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तीन तरुण वाजवत होते. ज्याला हल्ली रॉक म्हणतात त्या प्रकारचं, पण मराठीत आणि गाणी सगळी स्वतःची. मी तासभर उभी राहून ऐकलं. नंतर कामतांना पत्र लिहिलं की तुम्ही या. मी अशी पत्रं लिहीत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते आले. मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना परत निघणं भागच होतं. त्याच्या पुढच्याच सकाळी मुंबईत त्यांचं दुसरं ध्वनिमुद्रण होतं.

नगरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. शेडमध्ये तिघंही वाट बघत होते. भानुदास गातो आणि गिटार वाजवतो. तो मूळचा तिसगावचा. सध्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून आहे, म्हणजे रस्त्यासाठी खडी फोडणाऱ्या बायामाणसांची हजेरी मांडतो. सामू मिशनच्या शाळेत शिकला. त्याची जाड तारांची गिटार त्यानं स्वतः सागवानी फळीतून कापून काढलेली आहे. रफीक रेडिओ दुरुस्त करतो आणि ड्रम वाजवतो. आवाज मोठा करणारं यंत्र त्यानंच जोडलेलं.

कामतांनी पहिलाच प्रश्न नावाबद्दल विचारला. "'खडी' हे कसलं नाव? या प्रकाराला इंग्रजी नाव चालतं."

"रस्त्यावर तीच पडलेली होती साहेब," रफीक म्हणाला.

त्यांनी दोन गाणी वाजवली. कामतांनी टेप मागं फिरवून ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "पत्रा वाजतोय. मुलं ऐकूच येत नाहीत." मलाही तसंच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिसगावला शाळेच्या दोन नव्या खोल्यांचं उद्घाटन होतं आणि तिथं उघड्यावर यांचा कार्यक्रम ठरला होता. कामत म्हणाले, "ठीक आहे. उद्या लोकांसमोर एकदा घेतो. त्यात काही असेल तर कंपनीत वाजवून दाखवीन. पुन्हा मात्र मला इतक्या लांब यायला जमणार नाही." तिघांनी माना हलवल्या. भानुदासनं गिटारची एक तार सैल केली, परत आवळली आणि परत सैल केली.

सकाळी पाथर्डीच्या गाडीनं निघालो. ड्रम टपावर, गिटारी मांडीवर. नगर मागं पडल्यावर डोंगरावरचा अष्टकोनी महाल बराच वेळ खिडकीतून दिसत राहतो. त्यानंतर बघण्यासारखं काही नव्हतं. विहिरी होत्या, त्यांच्या काठाला बैल नव्हते. रस्त्याच्या कडेला ओळीनं बायका बसलेल्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी, समोर दगड. करंजीच्या घाटात गाडी तापली. ड्रायव्हर उतरून बॉनेट उघडून उभा राहिला आणि पाणी मागू लागला. गाडीतल्या बाया आपापले फिरकीच्या झाकणाचे तांबे छातीशी धरून बसल्या. शेवटी एका म्हातारीनं अर्धा तांब्या दिला आणि ड्रायव्हरला बजावलं, "इंजिनाला पाज. तू पिऊ नगंस." मग बाकीच्यांनीही घोटघोट दिलं. माझ्या फ्लास्कमधला चहा कामतांनी देऊ केला, तो ड्रायव्हरनं स्वतः घेतला.

तिसगावला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. शाळेपुढं मांडव उभा होता, लिंबाच्या झाडावर कर्णे (लाउडस्पीकर) बांधलेले होते, पण माणूस दिसेना. भानुदासचा चुलता समोरून आला आणि त्यानं सांगितलं ते असं. पहाटे ठकूबाई गेली. ठकूबाई म्हणजे गावची सुईण. चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं तिनं केली. भानुदासही तिच्याच हातचा. तिची एकुलती लेक गेवराईकडं दिलेली आहे. माणूस पहाटेच मोटरसायकलवरून निरोप घेऊन गेला होता. लेक आल्याशिवाय प्रेत उचलायचं नव्हतं, आणि प्रेत गावात असेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, हा इथला नेम. उद्घाटनाचे पाहुणे निम्म्या वाटेतून परत गेले होते.

"लेक कधी येईल?" कामतांनी विचारलं.

"येईल की. गाडी घावली का दोनपर्यंत, न्हाई घावली तर दिस मावळायला."

कामतांची परतीची गाडी पाचची होती. माळावर जाऊन वाजवावं म्हटलं, तर कर्ण्यांचा आवाज त्या घरापर्यंत जाणारच होता. आम्ही मांडवात बसलो. चुलत्याच्या घरून बाजरीची भाकरी, ठेचा आणि कांदा आला. मयतामुळे गावात चुली पेटल्या नव्हत्या, भाकरी आदल्या रात्रीची होती. कामतांनी ती न बोलता खाल्ली, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

बाराच्या सुमाराला गेनूबाबा आले. ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि अशा बाबतीत गाव त्यांचं ऐकतं. त्यांनी आधी ड्रमवर एक टिचकी मारायला बोट पुढं केलं आणि मग आठवण होऊन मागं घेतलं.

"भान्या, मला येक सांग. तुमचं हे भजनात बसतंय का तमाशात?"

"कशातच न्हाई बाबा."

"आसं कसं? कशात तरी बसतंच की. भजन आसंल तर आत्ता वाजवा. मयताला भजन चालतंच, आमी बी बसनार हावोत. निस्ती करमनूक आसंल तर माती (अंत्यविधी) होस्तवर थांबा."

आजूबाजूला दहाबारा जण जमले होते. मुंबईचे साहेब मशीन घेऊन आलेत आणि पाचला जाणार आहेत, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. गेनूबाबा पोरांसाठी वाट काढून देत होते, हे मलासुद्धा कळलं.

"भजनच हाय की बाबा," चुलता घाईनं म्हणाला. "हिरीच्या (विहिरीच्या) गान्यात देवाचं नाव बी हाय."

"कुठं हाय?"

"शिव्या देतो तिथं," सामू हळूच म्हणाला. एकदोघं हसले आणि लगेच गप्प झाले.

भानुदास म्हणाला, "न्हाई बाबा. करमनूकच हाय."

गेनूबाबा जायला वळले. "बग बाबा. तुझ्याच तोंडानं म्हनलास." आणि ते मयताच्या घराकडं गेले.

यानंतर मी जे केलं ते लपवण्यात अर्थ नाही. मी भानुदासला शाळेच्या मागं नेलं आणि सांगितलं, "एका शब्दाचा प्रश्न आहे. जाऊन 'भजन आहे' म्हण आणि मोकळा हो. गावाची हरकत नाही, त्या बाबांची नाही. हे गृहस्थ परत येणार नाहीत. माझ्या शब्दावर आलेत."

"कळतंय काकू."

"मग?"

"भजन हाय म्हनलं की ते ठकूआज्जीसाठी झालं पायजे. लोक चपला काढून बसतील, तिच्यासाठी हात जोडतील. अन् आमी कुनासाठी वाजवनार? ह्या मशीनसाठी. ती तिकडं पडलेली आन आमी तिच्या नावावर आपलं काम उरकून घ्यायचं?"

"तिला काय कळणार आहे?"

"तिला न्हाई कळनार. रफ्याला कळंल, साम्याला कळंल. फुडच्या टायमाला गाताना मलाच कळंल."

मला राग आला होता. पंचवीस वर्षांच्या मुलाला अशी चैन परवडत नाही, असं मी त्याला ऐकवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो चितेचं सरपण फोडायला गेला. थोड्या वेळानं रफीक आणि सामूही गेले. दोघांपैकी एकानंही त्याला दोष दिला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

दोन वाजले, तीन वाजले. दर गाडीला कोणीतरी फाट्यापर्यंत जाऊन येई. कामत मांडवात टेपरेकॉर्डरशेजारी मासिक वाचत बसले, त्याचं पान काही उलटेना. साडेचारला लेक आली. तिचा आवाज फाट्यापासून ऐकू येत होता, मग घरात गेल्यावर तो बंद झाला.

प्रेतयात्रा निघाली तेव्हा पाचला दहा कमी होते. पुढं टाळ आणि गेनूबाबांचा पखवाज. खांदा देणाऱ्यांत भानुदास होता, मागं सरपणाची मोळी घेऊन रफीक. त्याच वेळी पाचची गाडी येऊन थांबली. यात्रा जाईपर्यंत ड्रायव्हरनं इंजिन बंद ठेवलं. कामत टेपरेकॉर्डर उचलून म्हणाले, "सुमतीबाई, मला गेलंच पाहिजे. मुलांना सांगा..." कंडक्टरनं घंटी मारली. गाडी गेली.

मंडळी अंघोळी करून परतली तेव्हा अजून उजेड होता. गेनूबाबा ओल्या डोक्यानंच मांडवात आले. "माती झाली, गाव मोकळं झालं. सुतक तिच्या घराला, गावाला न्हाई. वाजवा आता."

भानुदास म्हणाला, "लेकीला इचारा आधी."

निरोप गेला, उत्तर आलं: वाजवा म्हणावं, पण कर्णे आमच्या घराकडं नकोत. सामूनं लिंबावर चढून कर्णे रानाकडं फिरवले.

तीसचाळीस माणसं बसली. कामावरून परतलेल्या बायका पाट्या उलट्या घालून त्यांच्यावर टेकल्या. आणि या मुलांनी वाजवायला सुरुवात केली.

मी वीस वर्षं वाद्यं विकते आहे, त्यामुळे कौतुक जपून करते. दोष आधी सांगते. भानुदासचा आवाज वरच्या पट्टीत फाटतो. दुसऱ्या गाण्यात गिटारचा तुकडा परदेशी तबकडीवरून उचललेला आहे, कुठल्या तेही मी सांगू शकते. पण विहिरीचं गाणं ऐकावं. आधी फक्त रफीक वाजवतो. ठोके एका चालीत पडत नाहीत, पाचसात बायका शेजारी बसून दगड फोडताना जसे मागंपुढं पडतात तसे पडतात, आणि ऐकता ऐकता त्यांचा एक ठेका होतो. तो नेमका केव्हा झाला हे मला अजून सांगता येत नाही. खालून सामूच्या जाड तारा येतात, जमिनीतून आल्यासारख्या. मग भानुदास, अगदी साध्या आवाजात:

सात परस गेलो खाली,
वर आभाळ ताटलीएवढं.

परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. गाणं एकेक परस खाली जातं, दर कडव्याला गिटार जड आणि कर्कश होत जाते आणि पाणी काही लागत नाही. तारा का तुटतात ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी तो देवाला विचारतो की तू कितव्या परसावर आहेस, आणि तिथं सगळं एकदम थांबतं.

"ह्या भान्यानं आमच्या हातोड्यांचा ठेका चोरलाय," पाटीवर बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली.

"चोरतोय कशाचा. हजेरी मांडताना रोज ऐकतोय मुडदा."

गेनूबाबा इतका वेळ खाली मान घालून मांडीवर बोटं चालवत होते. ते रफीकला म्हणाले, "ते पयलं परत वाजव बरं. हळू वाजव."

सकाळी तिघंही मला गाडीवर सोडायला आले. मी भानुदासला सांगितलं की कामत परत येतील असं धरून चालू नकोस.

"न्हाई आले तर आमी जाऊ मुंबईला."

"आणि तिथं विचारलं, हे काय आहे म्हणून?"

"काल सांगितलं तेच सांगू."

नगर ते पुणे मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर बघण्यापेक्षा मी हाच विचार करत होते, की शाळेच्या मागं मी त्याला जे सांगितलं ते चुकीचं नव्हतं. व्यवहारानं ते बरोबरच होतं. पण तो माझं ऐकता तर संध्याकाळी ते गाणं मला ज्या आवाजात ऐकू आलं त्या आवाजात त्याला गाता आलं नसतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ मला घालता आला नाही.

कामत पंधरा दिवसांनी दुकानात आले. चहा झाल्यावर म्हणाले, "भजन आहे म्हणाला असता तर तासाभरात काम होत होतं."

"आणि तबकडीवर काय छापलं असतंत?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग विचारलं, "आता पुढं कुठं वाजवणार आहेत?"

"संगमनेरला. रविवारी, कॉलेजच्या मैदानावर."

"मी येईन असं नाही म्हणत."

"मीही या म्हणत नाही," मी म्हटलं. "गाडी शिवाजीनगरहून सकाळी साडेसातला आहे."

त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर वेळ लिहून घेतली.